पाटलीणबाईचा हात

आमच्या छापखान्यात तेव्हा परदेशच्या जुलमी बादशहांवर लिहायची टूम निघाली होती. छापखाना म्हणजे जुन्नरच्या बाजारगल्लीतली एक खोली, एक हातयंत्र आणि आम्ही तिघे-चौघे पोरे. कुठल्याशा बादशहाने निःशस्त्र प्रजेवर गोळ्या झाडल्या, कुठल्याशा सुलतानाने खेडी जाळली, हे आम्ही पुण्याच्या वर्तमानपत्रांतून उतरवून घ्यायचो, त्यात आमच्या पदरचे चार जळजळीत शब्द घालायचो आणि पत्रके काढून बाजारच्या दिवशी वाटायचो. लोक ती घेत. पुष्कळ जण त्यांत भेळ बांधत. आमचे त्याबद्दल काही म्हणणे नव्हते. भेळ खाताना दोन ओळी वाचल्या तरी पुरे, असे आम्ही मानत होतो.

त्या बादशहांपैकी एकही मी पाहिलेला नाही. पण प्रजा मुठीत ठेवणारे माणूस मी पाहिले आहे. ते डिंभ्याच्या वर, घोड नदीच्या खोऱ्यात एका पाड्यावर राहत होते, नऊवारी लुगडे नेसत होते, आणि त्याने उभ्या जन्मात कोणाला एक चापटसुद्धा मारलेली नव्हती. त्याच्याबद्दल लिहितो.

आम्ही मूळचे मारवाडातले जैन. आजोबा जुन्नरला आले आणि हिरड्याच्या व्यापारात पडले. हिरडा डोंगरात होतो, आणि तो गोळा करतात डोंगरातली माणसे. फाल्गुन-चैत्रात आमच्या दुकानाचा कोणीतरी तट्टू घेऊन खोऱ्यात जायचा, मीठ, मिरची आणि खणाचे कापड द्यायचा आणि हिरडा भरून आणायचा. वडिलांच्या मते मी दुकानात बसून बिघडत चाललो होतो, म्हणून त्यांनी मला वर धाडले. डोंगरात कागद मिळणार नाही असे त्यांना वाटले असावे.

पाड्याचा पोलीस पाटील अर्धांग होऊन पडलेला होता. एक बाजू लुळी, जीभ जड. ओसरीवर घोंगडीवर त्याला निजवलेले असे. त्याच्या उशाशी पाटलीणबाई बसे आणि सगळा कारभार तिथून चाले. कोणाच्या बैलाने कोणाचे पीक खाल्ले, कोणी वेठीला जायचे, कोणाच्या पोरीचे लग्न कुठे जमवायचे, सगळे. माणूस येऊन गाऱ्हाणे सांगे. पाटील घशातून "घ् घ् घ्" असा आवाज काढी. पाटलीणबाई पदराने त्याचे तोंड पुसे, कान जवळ नेई, मान हलवी आणि म्हणे, "पाटील म्हनत्यात, दोन दिस त्याच्या रानात नांगर धर, मंग मिटलं." मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला खरेच वाटले की तिला त्याचे कळते. तिसऱ्या गाऱ्हाण्याच्या वेळी पाटील झोपलेला होता. त्याने हूं की चूं केले नाही. तरी "पाटील म्हनत्यात" आलेच.

मी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, "शेट, झोपंत बी त्यांचा निवाडा बराबर असतुया."

आणि तो थट्टा करत नव्हता.

आता तिची बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. मी तेव्हा तिच्यावर एक पत्रक काढले, त्यातला शब्दही मी मागे घेत नाही.

भात पेरायच्या आधी डोंगरातले लोक राब भाजतात. झाडाच्या डहाळ्या, पाला, शेण असे जमिनीच्या तुकड्यावर पसरून पेटवतात आणि त्या राखेत भाताचे रोप टाकतात. राब नाही तर रोप नाही. पण जंगलखात्याने डहाळ्या तोडायला बंदी केलेली. एके दिवशी जंगलाच्या राख्याने सात-आठ बायांना धरले, त्यांचे कोयते काढून घेतले आणि पाड्याच्या तोंडाशी ढीग घालून उभा राहिला. त्याला कोंबड्या हव्या होत्या. बाया हात जोडत होत्या. कोयता म्हणजे त्यांचा हात. तो गेला तर लाकूड नाही, गवत नाही, काही नाही.

पाटलीणबाई आली. कोयत्यांच्या ढिगावर घोंगडी टाकली आणि वर मांडी घालून बसली.

राखा म्हणाला, "बाई, उठा. सरकारी काम हाय."

"मी कुटं न्हाई म्हनलं? उचल की कोयतं."

"तुमी बसलाय त्याच्यावर."

"मंग मलाबी उचल."

तो हसला. मग हसणे थांबले. पाटलाच्या बायकोला हात लावणे म्हणजे काय हे त्याला माहीत होते. ऊन चढले. तिने तिथेच पान लावले, त्यालाही एक पुढे केले. त्याने ते घेतले, तिथेच तो संपला. पान चघळून झाल्यावर इकडे तिकडे पाहिले आणि चालता झाला. बायांनी कोयते उचलले तेव्हा तिने एकेकीला तिचाच कोयता काढून दिला. एकही चुकला नाही. कोणाची मूठ कशी, कोणाच्या पात्याला कुठे खांडा, सगळे तिला ठाऊक.

मी पत्रकात लिहिले: "पुरुषांनो, मिशा उतरवा आणि या बाईच्या पायाशी ठेवा." जुन्नरच्या बाजारात ते पुष्कळ गाजले. दोन माणसे भांडायला आली.

आता ज्या बाईवर पुढचे सगळे बेतले तिच्याबद्दल.

पाड्यात सगळ्यात वरच्या अंगाला एक झोपडी होती. नवरा मुंबईला गोदीत. घरात एकटी बायको, नुकतीच माघात बाळंत झालेली. तिचे नाव मी लिहिणार नाही, बाळंतीणच म्हणतो. तिला अंगावरचे दूध पुरत नव्हते. एक शेळी होती, तिचे दूध पोराला चमच्याने पाजायची. झोपडीखाली तिचे भाताचे खाचर होते. सगळ्यांच्या खाचरांच्या वर ते पहिले, मग त्याखाली दिराचे, मग त्याखाली बाकीच्यांची, पायऱ्यांसारखी नदीपर्यंत. वरच्या खाचरातले पाणी बांध फोडून खालच्यात जाते, खालच्याचे त्याच्या खालच्यात. ही रचना लक्षात ठेवा. सगळा घात त्यातच आहे.

चैत्रात जंगलखात्याच्या साहेबाचा तळ पाड्याजवळ पडला. तंबू, घोडे, खानसामा, आणि साहेबाची व्यालेली कुत्री. तळ पडला की पाड्यावर वेठ आली. गवत, लाकूड, कोंबड्या, अंडी, पाणी वाहायला माणसे. फुकट. कोणी काय द्यायचे ते पाटलीणबाई वाटून देई आणि ते न्यायाने देई, हेही लिहिले पाहिजे. ज्याची मागच्या वेळी कोंबडी गेली त्याची या वेळी जात नसे. आमच्या पत्रकांत वेठीविरुद्ध पानेच्या पाने असत, पण वेठ नीट वाटली गेली तर लोक ती किती मुकाट्याने देतात हे मी तिथे पाहिले.

कुत्रीला पाच पिल्ले होती आणि तिला दूध कमी होते. खानसाम्याने शेळीचे दूध मागितले. पाटलीणबाईने बाळंतिणीचे नाव सांगितले.

दोन दिवस तिने दूध दिले. तिसऱ्या दिवशी खानसाम्याचा माणूस लोटा घेऊन आला तेव्हा तिने शेळी झोपडीत घेतली आणि दाराला पाठ लावून बसली. मी तिथेच होतो, हिरडा मोजून घेत होतो. ती म्हणाली, "माझं पोर उपाशी आन् कुत्र्याची पिल्लं दूध प्येत्यात. मी न्हाई द्येनार. सायबाला सांग, मला न्या धरून."

मी ओरडून म्हणालो, "शाब्बास!" बाकीचे सगळे पाटलाच्या ओसरीकडे पाहत होते.

पाटलीणबाई वर आली. मला वाटले आता तोंड सुटणार. तिने बाळाला मांडीवर घेतले, त्याच्या हनुवटीला बोट लावले आणि म्हणाली, "काय न्हाई गं. ल्हान हाय, दूध लागतंया त्याला. माझ्या शेळीचं जाईल तिकडं." आणि खरेच तिने स्वतःच्या शेळीचे दूध धाडले, तळ हलेपर्यंत. पाड्यावरच्या बाया म्हणू लागल्या, केवढे मन आहे बघा. मीही म्हणालो. साहेबाला तर काहीच कळले नाही. त्याच्या पिल्लांना दूध मिळाले. कोणाच्या शेळीचे याच्याशी त्याला काय देणेघेणे?

मी हिरडा भरून जुन्नरला परतलो.

आषाढात पुन्हा वर गेलो. काम काही नव्हते. पावसाळ्यात डोंगरातल्या वेठीची गाऱ्हाणी जमवून मोठे पत्रक काढायचे आमच्या डोक्यात होते. माझे आजोळ आणे गावच्या पठारावर. तिथे बाजरी आणि धोंडे. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, मी कधी जवळून पाहिली नव्हती. ती पाहून जीव सुखावला. चिखल केलेल्या खाचरात बाया-पुरुष ओणवे, इरली पाठीवर, रोपांच्या जुड्या हातात, हिरव्या ओळी भराभर सरकत चाललेल्या. आज एकाचे खाचर, उद्या दुसऱ्याचे. सगळा पाडा मिळून प्रत्येकाचे लावून देतो. याला सावड म्हणतात. एकटे माणूस आवणी करूच शकत नाही. पावसाने पाणी धरले की घाई असते. रोप राबात फार दिवस राहिले तर म्हातारे होते, खाली पेर धरते, मग लावले तरी फुटवा येत नाही.

आणि एक रिवाज होता. कोणाच्याही खाचरात पहिली जुडी पाटलीणबाईने लावायची. तिचा हात लागला की पीक भरते. तिच्या सासूचाही असाच हात लागत असे म्हणे. ती येई, चिखलात उतरे, पूर्वेकडे तोंड करून चार रोपे खोची, घरधनीण तिला कुंकू लावी आणि मग सावड सुरू. तोवर कोणी पाय घालत नसे. मला हा रिवाज आधी फार गोड वाटला. मी टिपणात लिहिले होते: "ही राणी चिखलात उतरते."

सगळ्यांची आवणी चालली होती. बाळंतिणीच्या खाचरात नुसते पाणी चमकत होते आणि वरच्या कोपऱ्यात तिचे रोप राबात दाट, गडद हिरवे, उंच वाढलेले. ती बांधावर पोर पाठीला बांधून उभी होती.

"तुमची आवणी कधी?" मी विचारले.

"हात लागला न्हाई अजून."

"मग बोलवा की."

"पाच बार गेले, शेट. म्हनत्यात, येते. पाय दुकत्यात म्हनत्यात. वरतं चढवत न्हाई म्हनत्यात."

मी खाली पाहिले. पाटलीणबाई तेव्हा नदीकाठच्या एका खाचरातून निघून पलीकडच्या टेकाडावरच्या खाचराकडे चालली होती. टेकाड बाळंतिणीच्या झोपडीहून उंच होते.

मी म्हणालो, "तुम्ही स्वतः लावा. कोणाच्या बापाची भीती?"

ती म्हणाली, "लावलं व्हतं. तीन वळी लावल्या. सकाळी बघते तर समदी उपटून बांधावर मांडल्याली. मुळं धुऊन, नीट, एका वळीनं."

"कोणी?"

तिने खाली पाहिले. तिच्या खालच्या खाचरात दीर आणि जाऊ काम करत होते. जाऊ मान खाली घालून होती. मी खाली उतरलो आणि दिरालाच विचारले. सज्जन माणूस, मला गूळ-पाणी दिले आणि सरळ सांगितले, "आमीच उपाटलं, शेट. काय करनार? तिच्या खाचराचं पानी माझ्यात येतं. हात न लागल्याल्या रानाचं पानी. माझ्या भाताला रोग पडला तर? माझ्यातनं खालच्याला जातं. समद्यांनी माझ्या दारात येऊन सांगितलं, तुझी भावजय हाय, तू बघ."

"तुमच्या भावाचे पोर उपाशी मरेल."

"म्हनून तर मुळं धुऊन ठिवली," तो म्हणाला. "रोप वाया जाऊ न्हाई."

बंदूक नाही, शिपाई नाही, तुरुंग नाही. सख्खा दीर रोपे उपटतो आणि मुळे धुऊन ठेवतो. आमच्या पत्रकांतल्या बादशहांना हे जमले असते का?

मी पाटलाच्या ओसरीवर गेलो. पाटील भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने मला पाट दिला, अंग पुसायला पंचा दिला आणि सांगितले की माझ्यापुरती भाजी कांद्याशिवाय वेगळी ठेवली आहे. मी म्हणालो, मी जेवायला आलो नाही.

"मंग इचारा काय इचारायचं ते."

"वरच्या खाचरात का जात नाही?"

"पाय दुकत्यात."

"टेकाडावर गेला होतात. मी पाहिले."

ती हसली. तिला माझा रागच आला नाही. तिचा राग मला आवडला असता. म्हणाली, "शेट, तुमी लिवता. माझ्यावर लिवलं तेबी मला वाचून दावलं कुनी. लई ग्वाड लिवलं. आता हेबी लिवा. पर लिवून आवनी व्हत न्हाई."

"चैत्रात ती कुत्र्यांना दूध नाही म्हणाली, म्हणून ना हे?"

"कुत्री सायबाची. त्याला ती न्हाई म्हनली, ते सायबानं बघावं. मला न्हाई म्हनली, ते मी बघनार."

"पोर होते तिचे! तुम्हीच मांडीवर घेतलेत!"

"घेतलं की. माझ्या शेळीचं दूध बी दिलं. तवा मी वराडले असते तर तळावरचे शिपाई आले असते. तिची शेळी गेली असती, आनखी चार बायांची गेली असती. तवा गप बसायचं व्हतं, गप बसले." तिने पाटलाच्या ओठाच्या कोपऱ्यातून वाहणारी लाळ पुसली. "आज एक न्हाई म्हनती, उंद्या धा म्हनतील. मंग राखा कोयतं न्यायला यील तवा माझ्या मागं कोन उभं ऱ्हाईल? तुमी? तुमी जुन्नरला आसाल."

"आणि त्यासाठी एका घराचे वर्ष बुडवायचे?"

"पोर मेलं का? न्हाई ना. मंग वर्साचं काय यवढं."

मी उठलो. तोंडाला आले ते बोललो. तिला मी राक्षसीण म्हणालो. ओसरीखाली पाच-सहा माणसे पावसात उभी राहून ऐकत होती. पाटील अचानक "घ् घ्" करू लागला. तिने कान नेला आणि शांतपणे म्हणाली, "पाटील म्हनत्यात, शेट उपाशी हायत, म्हनून चिडल्यात. जेवाय वाढा."

खालची माणसे हसली. मनापासून हसली.

मी तसाच निघालो आणि चिखल तुडवत पेठ्याच्या, म्हणजे पोटतालुक्याच्या, कचेरीत गेलो. तिथल्या अंमलदारापुढे अर्ज टाकला. त्याने वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "मारले कोणी तिला?"

"नाही."

"शेतात जायला अटकाव केला?"

"रोपे उपटली."

"तिचा दीर ना? घरातले भांडण. बरे, तुमची मागणी काय? पाटलाच्या बायकोने अमक्या बाईच्या शेतात चार काड्या खोचाव्यात असा सरकारने हुकूम काढावा? कोणत्या कलमाखाली, ते तुम्हीच सांगा. तुम्ही छापता, तुम्हाला कलमे ठाऊक असतील."

कारकून फिदीफिदी हसले. अंमलदाराने पेटीतून माझेच चैत्रातले पत्रक काढून माझ्यापुढे धरले, मिशा उतरवण्याची ओळ दाखवली आणि म्हणाला, "हीच ना बाई? आमच्या राख्याला हिने पिटाळले तेव्हा तुम्ही टाळ्या पिटल्या. आता आम्ही पिटतो."

मी म्हणालो, "ते खरे होते आणि हेही खरे आहे." तो म्हणाला, "मग दोन्ही घेऊन घरी जा."

मी घरी गेलो नाही. खालच्या गावांतून मजूर मिळतात का पाहिले. रोजाने यायला चार माणसे तयार झाली. वाटेत त्यांनी खाचर कोणाचे विचारले, मी सांगितले, तेव्हा दोघे नाल्याशी थांबले आणि दोघे पाड्याच्या तोंडाशी. एक म्हणाला, "शेट, आमच्या बी पोरी त्या पाड्यात दिल्याल्या हायती." तो मजुरीही न घेता परत फिरला. मी आणि बाळंतीण दोघे चिखलात उतरलो. मला रोप धरता येत नव्हते. मी खोचलेले तरंगून वर येई. तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, शेट. उपाटनारच हायती. त्यांची कंबर मोडती उगी."

श्रावण लागला. सगळ्या पाड्याची आवणी उरकली. खालपासून वरपर्यंत हिरवे, फक्त सगळ्यात वर एक पाण्याचा तुकडा. रोप गुडघ्याला आले होते, शेंडे पिवळे पडू लागले होते. बाळंतीण दर सकाळी एक रोप उपटून त्याची खालची काडी नखाने चिरून पाहायची. एके दिवशी तिने ती मला दाखवली. आत पेर धरलेले होते.

आणि त्यानंतर पाटलीणबाई आली.

वाजत-गाजत आली म्हटले तरी चालेल. सगळा पाडा मागे, नवी इरली, बैल, पोरेटोरे. चढण चढताना दोनदा थांबली, गुडघे दाबले, म्हणाली, "दुकतंया, पर पोरीचं रान तसंच कसं ठिवायचं?" बायांच्या डोळ्यांत पाणी आले. खरे पाणी. मी पाहिले. बाळंतीण झोपडीत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिने कुंकू लावले. ओटीत तांदूळ घातले. त्या घरात तांदूळ किती उरले होते ते मला माहीत होते. मग वाकून पाया पडली. पाटलीणबाईने तिला उठवले, तोंडावरून हात फिरवला आणि चिखलात उतरून पूर्वेकडे तोंड करून चार रोपे खोचली.

मी ओरडलो, "अरे, हे रोप मेलेले आहे! पेर धरले आहे त्याला! सगळ्यांना दिसते आहे!"

एकाने मला बांधावरून हळूच बाजूला केले. "शेट, शुभ कामात आसं बोलू नगा."

शेतकरी होते सगळे. माझ्यासारख्या दुकानदाराच्या पोराला जे कळले ते त्यांना कळत नव्हते? तरी त्यांनी ते म्हातारे रोप असे लावले, असे झटून, असे सरळ ओळींनी, की त्या वर्षी एवढी देखणी आवणी दुसऱ्या कोणाची झाली नव्हती. बाया गात होत्या. दीर सगळ्यांत पुढे होता. दुपारपर्यंत खाचर भरले. पाटलीणबाई बांधावर बसून पान खात होती आणि जिची ओळ वाकडी जाईल तिला नावाने हाक मारत होती.

कार्तिकात मी वर गेलो. खालची खाचरे कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. वरच्या खाचरात भात एकेका काडीने उभे होते. लोंबीत दाणा नाही; हातात चोळले तर नुसते फोल. पेंढा मात्र चांगला झाला होता. बाळंतिणीने तो कापून व्यवस्थित रचून ठेवला होता.

नवरा मुंबईहून आला होता. वाटेवरून तो आधी पाटलाच्या ओसरीवर गेला, मग घरी. मुंबईहून आणलेला खण त्याने पाटलीणबाईला दिला आणि बायकोच्या वतीने माफी मागितली. तिने खण घेतला आणि त्याला सांगितले, "बायकूला काय बोलू नगं. ल्हान हाय." घरी येऊन तो तिला काही बोलला नाही. मारले मात्र. डोळ्याखाली अजून काळे होते. वर्ष निभावण्यापुरते भात पाटलीणबाईने स्वतःच्या कणगीतून दिले, आणि पुढल्या आषाढात पहिला हात हिच्याच खाचराला लावीन, असे भर ओसरीवर सांगितले.

मी बाळंतिणीच्या अंगणात बसलो. पोर रांगत होते. पोट पुढे, पाय काड्या. मी म्हणालो, सगळे छापणार आहे, नावानिशी. तू जुन्नरला चल, सभेत उभी राहा, तुझ्या तोंडून लोकांना ऐकू दे. ती पेंढ्याची पेंडी बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली,

"भाऊ, तुमी हितं बसत जाऊ नगा."

शेटऐवजी भाऊ ती पहिल्यांदाच म्हणाली.

"का? नवरा रागावतो?"

"त्यो न्हाई. तुमी येऊन गेला की ती मला बलावती. इचारती, काय बोलला."

"मग तू काय सांगतेस?"

"तुमी जे बोलता ते. समदं." तिने माझ्याकडे सरळ पाहिले. लाज नव्हती, भीतीही नव्हती. "आखाडात पयला हात माझ्या रानाला लागनार हाय. त्याच्यापायी सांगते. म्हनून म्हनते, बोलू नगा. बोललात तर मला सांगावं लागंल."

खाली ओसरीवर पाटलीणबाई दिसत होती, पाटलाच्या उशाशी. ती आमच्याकडेच पाहत होती.

मी उठून उभा राहिलो आणि जे छापायचे होते ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणून दाखवले. ओसरीपर्यंत ऐकू गेले असेल-नसेल. बाळंतीण पेंडी खाली ठेवून ऐकत होती, ओठ हलत होते. मधेच एकदा तिने मला थांबवले आणि म्हणाली, "ते मगाचं परत म्हना. तेवढं ध्यानात ऱ्हायलं न्हाई."